‘आणि पार्टी’ : म्होरक्या गेल्यानंतरचा प्रश्न

उरुसाची रात्र होती. संदल फिरून आला होता, गलेफ चढवून झाला होता आणि मंडपात कव्वालीसाठी माणसे जमू लागली होती. रत्नागिरीच्या आसपासच्या खाडीकाठच्या गावांत उरूस म्हणजे साऱ्या गावाचा सण. मुंबईचे चाकरमानी येतात, आखातातून सुट्टीवर आलेली मुले येतात, शेजारच्या वाडीतली हिंदू मंडळी पोराबाळांसह पुढच्या सतरंजीवर जागा धरतात. मंचाच्या मागे मोठा फलक लावलेला होता. त्यावर एका कव्वालाचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत त्याचे नाव, पुढे ‘आणि पार्टी’.

फोटोतला तो कव्वाल दोन वर्षांपूर्वी अल्लाला प्यारा झाला होता.

फोटोच्या बरोबर खाली त्याचा मुलगा बसला होता. वय पंचविशीच्या आतबाहेर. उजवीकडे बापाच्या वेळचा पेटीवाला, डावीकडे बापाच्याच वेळचा ढोलकवाला, मागे टाळ्या धरणारे चौघे. मुलाने बापाचीच कव्वाली उचलली. बाप ज्या ठिकाणी हात वर करी त्याच ठिकाणी त्याने हात वर केला. बाप जिथे थांबून श्रोत्यांकडे पाही तिथे तोही थांबला. माझ्या शेजारी बसलेले सत्तरीतले चाचा बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘पार्टी तीच आहे. माणूस कुठे आहे?’’

चाचांचा हा प्रश्न एका उरुसापुरता नाही. कलावंतांचा एखादा जथा असतो, त्याला एक म्होरक्या असतो आणि एक दिवस तो म्होरक्या जातो. उरलेल्यांनी काय करावे? नाव तसेच ठेवून चालत राहावे, नाव बदलावे, की पेटीला कुलूप लावून घरी बसावे? कव्वालीच्या पार्ट्या, शाहिरी पथके, नाटक कंपन्या, आमच्या कोकणातले जाखडीचे मेळ आणि विलायतेतले गिटार-ड्रमवाले बँडही, या प्रश्नातून कोणी सुटलेले नाही. आपल्याकडे मात्र त्याची चर्चा होते ती चहाच्या टपरीवर आणि तीही एका वाक्यात संपते, ‘पहिल्यासारखी मजा नाही राहिली.’ हे वाक्य खरे असेल. पण त्याने काही ठरत नाही. म्हणून हा विषय थोडा नीट मांडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी पार्टी म्हणजे काय ते पाहू. कव्वालीत एक मुख्य गाणारा असतो. त्याच्या जोडीला दुसरा आवाज असतो, तो मुख्य गायकाचा श्वास संपतो तिथे ओळ उचलतो. पेटी, ढोलक किंवा तबला असतो, आणि मागे टाळी धरून मुखडा परत परत म्हणणारे असतात. पाकिस्तानात या मागच्या मंडळींना ‘हमनवा’ म्हणतात. फार सुंदर शब्द आहे, ज्यांचा सूर एक आहे असे. मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्यांना ‘अँड पार्टी’ करून टाकले. इस्माईल आझाद, युसूफ आझाद, अझीझ नाझाँ, जानी बाबू, शकीला बानो भोपाली ही नावे आपल्या आईवडिलांच्या पिढीने उरुसात आणि रेकॉर्डवर ऐकली. त्यांच्या मागे टाळी देणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? मला येत नाही. आणि तरीही टाळी काढून घेतली तर कव्वाली उरत नाही, गझल उरते.

म्हणजे पहिला मुद्दा असा की म्होरक्या गेला म्हणजे सारे गेले असे म्हणताना आपण पाच-सहा माणसांना आधीच मेलेले धरतो. त्यांचे पोट, त्यांचा वीस-तीस वर्षांचा रियाज, त्यांचे घर आपल्या हिशेबात येत नाही. उरुसाच्या त्या रात्री मध्यंतरात मी ढोलकवाल्या काकांशी बोललो. मी विचारले, ‘‘फलकावर मुलाचे नाव का नाही?’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘फोटो काढला तर सुपारी अर्धी होते. अर्ध्या सुपारीत आठ माणसे कशी जगणार?’’ या उत्तरापुढे रसिकतेच्या मोठ्या गोष्टी जरा जपूनच बोलल्या पाहिजेत.

पण पोटाचा प्रश्न मान्य केला तरी कलेचा प्रश्न उरतोच. तो सोडवायला कव्वालीचाच इतिहास मदतीला येतो.

नुसरत फतेह अली खाँ यांचे नाव घेतले की आपल्याला वाटते, हा माणूस म्हणजेच कव्वाली. पण नुसरत स्वतः वारस होते. त्यांचे वडील उस्ताद फतेह अली खाँ १९६४ साली वारले. भाऊ मुबारक अली खाँ यांच्याबरोबर ते गात असत. थोरला आवाज गेला म्हणून त्या पार्टीने तेव्हा गाशा गुंडाळला असता तर? गुंडाळला नाही. मुबारक अलींनी ती चालवली आणि १९७१ मध्ये तेही गेल्यावर विशीतल्या नुसरतने सूत्रे हाती घेतली. त्या वेळच्या श्रोत्यांतही कोणी चाचा असतीलच, ज्यांनी मान हलवून म्हटले असेल, बापाची सर याला नाही. पुढे काय झाले ते जगाने पाहिले. १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये नुसरत गेले तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते. आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. या वेळी पुतण्या राहत पुढे आला.

राहत यांच्याविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांचा गळा गोड आहे, तालीम खरी आहे, त्यात शंका नाही. पण हिंदी चित्रपटांतून ते घराघरांत पोहोचले ते एकट्याचा आवाज म्हणून. नुसरतच्या मैफलीत मागचा मुखडा भिंतीसारखा उभा असे. त्या भिंतीवर नुसरत सरगम फेकीत आणि ती भिंत ती परत फेकी. राहत यांच्या चित्रपटगीतांत ही भिंत नाही. म्हणजे घराणे टिकले, नाव टिकले, पण ‘पार्टी’ मागे सरकली. वारसा पुढे जातो तेव्हा त्यातले काय गेले आणि काय राहिले हे तपासायला हवे, ते असे.

साबरी बंधूंचे उदाहरण याहून अवघड आहे. गुलाम फरीद साबरी आणि मकबूल साबरी हे दोन भाऊ म्हणजे एकाच गाण्याचे दोन किनारे होते. थोरल्याचा आवाज जड, जमिनीतून आल्यासारखा. धाकट्याचा उंच आणि धारदार. थोरला मध्येच घनगंभीर स्वरात ‘अल्लाह’ म्हणे आणि त्या एका शब्दाने धाकट्याच्या साऱ्या ताना जमिनीवर येत. १९९४ मध्ये गुलाम फरीद गेले. मकबूल २०११ मध्ये जाईपर्यंत गात राहिले. त्यांचे नंतरचे गाणे वाईट नाही, पण ते एका किनाऱ्याच्या नदीसारखे वाटते. मग गुलाम फरीद यांचे चिरंजीव अमजद पुढे आले. त्यांनी बापचुलत्यांचेच कलाम गायले आणि नव्या पिढीला कव्वालीकडे ओढून आणले. २२ जून २०१६ रोजी, रमजानच्या महिन्यात, कराचीत गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. गाणाऱ्याला मारले की गाणे थांबेल असे मारणाऱ्यांना वाटले असावे. हा विचार आणि ‘म्होरक्या गेला, आता बंद करा’ हा रसिकांचा सल्ला यांचा हेतू पूर्ण वेगळा आहे. एक द्वेषातून येतो, दुसरा प्रेमातून. पण दोघांचीही समजूत एकच आहे की गाणे एका गळ्यात राहते. कव्वालीच्या बाबतीत ही समजूत मुळातच चूक आहे. अमीर खुसरो १३२५ साली गेले. त्यांच्या नावावरचे कलाम आज सातशे वर्षांनी गायले जातात. जी कला इतक्या गळ्यांतून वाहत आली तिला शेवटचा गळा नसतो.

आता जरा दूरच्या मुलखात जाऊ. तिथे जाण्याचा रस्ता मात्र आपल्याच पाचगणीवरून जातो. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला होता. शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा छोटा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवी. हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला आणि ‘क्वीन’ या इंग्लंडच्या बँडचा गायक म्हणून त्याने जग जिंकले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. क्वीनचे उरलेले सोबती तिघे. त्यातला बेस वाजवणारा जॉन डीकन काही वर्षांत बाजूला झाला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांनी मात्र पुढे दुसरे गायक घेऊन कार्यक्रम केले, आधी पॉल रॉजर्स आणि नंतर अॅडम लॅम्बर्ट. एकाच घरात दोन मते. एक म्हणतो, तो नाही तर मी नाही. दुसरे दोघे म्हणतात, गाणी आमचीही आहेत. दोघांनाही चूक म्हणता येत नाही.

पण त्यांनी केलेली एक गोष्ट आपल्या उरूस कमिट्यांनी पाहण्यासारखी आहे. फलकावर त्यांनी ‘क्वीन’ एवढेच लिहिले नाही. ‘क्वीन’, मग अधिकचे चिन्ह, मग नव्या गायकाचे नाव असे लिहिले. त्या एका चिन्हात सारा प्रामाणिकपणा आहे. तुम्ही पैसे देऊन कोणाला ऐकायला येता आहात ते तुम्हाला आधीच सांगितलेले आहे. गेलेल्याची जागा कोणी घेतलेली नाही, पण जागा रिकामीही नाही.

इंग्लंडातल्याच ‘लेड झेपलिन’ने दुसरा मार्ग घेतला. त्यांचा ड्रम वाजवणारा जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बँड बंद करत असल्याचे जाहीर केले. लक्षात घ्या, तो गायक नव्हता. आपल्या हिशेबाने तो ‘आणि पार्टी’तला माणूस. पण त्यांनी ठरवले की याच्याशिवाय आम्ही आम्ही नाही. सत्तावीस वर्षांनी, २००७ मध्ये, एका रात्रीसाठी ते पुन्हा मंचावर आले तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा होता. याउलट ‘एसी/डीसी’ या ऑस्ट्रेलियन बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला आणि पाच महिन्यांत नवा गायक घेऊन त्यांनी जी ध्वनिमुद्रिका काढली, ती त्यांची सर्वांत गाजलेली ठरली. तिचे आवरण संपूर्ण काळे होते. शोक आवरणावर आणि नवे काम आत.

आपल्या मराठी रंगभूमीवर हा प्रश्न याच्या कितीतरी आधी येऊन गेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर २ नोव्हेंबर १८८५ रोजी गेले. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ देणारा माणूस ऐन उमेदीत गेला, ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले. किर्लोस्कर मंडळी त्याच दिवशी मिटली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण मंडळी चालली. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ १८९९ मध्ये याच मंडळीने रंगमंचावर आणले आणि म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या बालिकेचे दुःख महाराष्ट्राला दाखवले. १९११ मध्ये याच मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ केले. संस्थापक गेल्यानंतर चौदा वर्षांनी आणि सव्वीस वर्षांनी आलेली ही नाटके. म्होरक्या गेल्यावर थांबावे हा नियम पाळला गेला असता तर मराठी रंगभूमीच्या हातून केवढे गेले असते!

पण त्याच मंडळीची पुढची कथाही सांगायला हवी. १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. नंतर दीनानाथ मंगेशकर आले, तेही १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी काढायला बाहेर पडले. त्यानंतर किर्लोस्कर हे नाव हळूहळू नुसते नाव राहिले. म्हणजे एका मृत्यूने जी मंडळी मोडली नाही ती नवे काम आटल्यावर मोडली.

‘ललितकलादर्श’ची कहाणी आणखी बोलकी आहे. केशवराव भोसले यांनी ती १९०८ मध्ये हुबळीला काढली. जुलै १९२१ मध्ये त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग आजही लोकांच्या आठवणीत आहे. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. कंपनीचा गळा, चेहरा आणि मालक एकदमच गेला. बापूराव पेंढारकरांनी जबाबदारी घेतली. त्यांनी केशवरावांच्या पदांची नक्कल करत दिवस काढले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी चिपळूणचे मामा वरेरकर यांचे ‘सत्तेचे गुलाम’ केले आणि पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने रंगमंचावर प्रेक्षकांना खरीखुरी खोली दिसू लागली. बापूराव १९३७ मध्ये गेले. काही काळ संस्था थंडावली. मग मुलगा भालचंद्र पेंढारकर यांनी ती पुन्हा उभी केली आणि १९६० मध्ये ‘पंडितराज जगन्नाथ’ आणले. मोगल दरबारातल्या पंडिताची आणि त्याच्या लवंगीची ही कथा, तिला संगीत वसंत देसाई यांचे. एकच नाव, तीन म्होरके आणि प्रत्येकाचे स्वतःचे काम. नाव चालवण्याचा अधिकार या तिघांनी असा कमावला.

या कंपन्यांचा विषय निघाला की मला दोन माणसे आठवतात. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. बालगंधर्वांच्या गाण्याचा जो दरवळ आपण सांगतो त्यात या दोन मुसलमान वादकांचा वाटा केवढा होता! कंपनी बुडाली तेव्हा थिरकवांना रामपूर दरबारचा आश्रय मिळाला आणि १९७६ पर्यंत ते देशभर मानाने वाजवत राहिले. पण प्रत्येक तबलजी थिरकवा नसतो. कंपनी बुडाली की बाकीच्यांचे काय होते, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. ढोलकवाल्या काकांच्या बोलण्याने मला त्या न ठेवलेल्या नोंदीची आठवण झाली.

आता थांबण्याची बाजू पाहू, कारण तीही खरी आहे. आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदानामैदानांत घुमला. हजारो माणसांना ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू जाईल असा तो आवाज होता, असे ऐकणारे सांगत. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. सहा आठवड्यांत दोन्ही खांब कोसळले. त्यांच्या नावाने पथक चालवत राहण्यात काही अर्थ नव्हता, कारण त्या पथकाचा जीव त्या आवाजात होता, त्या माणसांत होता आणि त्या चळवळीतही होता. चळवळीचे उद्दिष्ट १९६० मध्ये साधले होते. कन्या मलिका अमर शेख यांनी बापाचा डफ घेतला नाही, लेखणी घेतली. १९७९ मध्ये ‘वाळूचा प्रियकर’ हा त्यांचा कवितासंग्रह आला तेव्हा त्यातला आवाज बापाच्या आवाजासारखा नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. वारसा असाही चालतो. आपल्या समाजात गादी मुलाकडे किंवा पुतण्याकडेच जाते, मुलीचा विचार होत नाही. कव्वालीच्या घराण्यांतही तेच. म्हणून हे उदाहरण मला दुहेरी मोलाचे वाटते. गादी न घेताही वारस होता येते आणि मुलगीही वारस असते.

कोकणातल्या वाचकाला इथे मच्छिंद्र कांबळी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आले आणि कांबळींचा तात्या सरपंच म्हणजेच मालवणी माणूस असे समीकरण झाले. ३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळी गेले. त्यानंतरही नवे कलाकार घेऊन ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आले. प्रेक्षक हसले, पण हसताहसता त्यांच्या कानांत जुना आवाज वाजत राहिला. तरी मला हे नाटक चालू राहावे असे वाटते, कारण तात्या सरपंच ही गवाणकरांनी लिहिलेली भूमिका आहे. ती उत्तम वठवणारा गेला तरी लिहिलेले जात नाही. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची अडचण याहून मोठी. तिथे लेखक, नट आणि बावन्न पात्रे हे सारे एकटे लक्ष्मण देशपांडे होते. २००९ मध्ये ते गेल्यावर त्या जागेवर उभे राहायला धाडस लागते. संदीप पाठक यांनी ते केले आणि एकपात्री प्रयोगसुद्धा दुसऱ्याच्या अंगात उतरू शकतो हे दाखवले. मी आधी याच्या विरुद्ध होतो. आता म्हणतो, संहिता असेल तर वाट असते.

शेवटी आपल्या घरच्या अंगणात येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत जाखडी रंगते. मधे गाणारे आणि ढोलकीवाले बसतात, भोवती पायात चाळ बांधलेले नाचणारे फेर धरतात आणि शक्तीवाले व तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात. हे शक्ती-तुरे म्हणजे जुन्या कलगी-तुऱ्याचेच आमचे रूप. परंपरा सांगते की तुऱ्याचा आद्य पुरुष तुकनगीर गोसावी आणि कलगीचा शाह अली फकीर. म्हणजे कोकणातल्या कुणब्याच्या अंगणात जी शक्तीची बाजू गायली जाते तिच्या मुळाशी एका मुसलमान फकिराचे नाव आहे. आपल्या मुलांना हे ठाऊक नसते, ही आपली चूक.

या परंपरेने म्होरक्या जाण्याचा प्रश्न कसा सोडवला ते पाहा. तिथे गुरूचे घराणे असते. गुरू गेला की शागीर्द गातो. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो आधी गुरूचे नाव घेतो आणि मग स्वतःचे टाकतो. जुने नाव लपवायचे नाही, नवे नावही लपवायचे नाही. आणि गाणे मात्र त्या रात्री समोरच्याने टाकलेल्या सवालाला उत्तर म्हणून उभे राहिले पाहिजे. गुरूचे जुने उत्तर तिथे कामाला येत नाही, कारण सवाल नवा असतो. विलायतेत अधिकच्या चिन्हाने जे केले ते आमच्या शाहिरांनी शेवटच्या कडव्यात कधीचेच करून ठेवले आहे.

या साऱ्यातून मला तीन कसोट्या दिसतात. पहिली, गेलेल्याने मागे काही शिकवलेली माणसे आणि गाता येईल असे काही ठेवले आहे का? दुसरी, उरलेले काही नवे करतात, की जुन्याचीच विक्री करतात? आणि तिसरी, ऐकणाऱ्याला खरे सांगितले जाते का? पहिल्या कसोटीला ‘नाही’ उत्तर आले तर थांबण्यात मान आहे. दुसरीला ‘नाही’ आले तर थोडी वाट पाहावी, कारण नवा माणूस एका हंगामात तयार होत नाही. तिसरीला मात्र सूट नाही. मेलेल्या माणसाचा फोटो लावून सुपारी घेणे ही श्रोत्यांची फसवणूक आहे आणि त्याहून मोठी फसवणूक त्या फोटोखाली बसलेल्या मुलाची आहे. तो कितीही चांगला गायला तरी दाद फोटोला जाते, आणि वाईट गायला तर दोष एकट्या त्याचा.

ढोलकवाल्या काकांचा हिशेब मी विसरलेलो नाही. सुपारी अर्धी होते हे खरे. पण ती अर्धी कोण करतो? आपणच. कमिटीत बसणारे आपण, वर्गणी देणारे आपण, नवे नाव पाहून नाक मुरडणारेही आपणच. नव्या नावाला पूर्ण सुपारी द्यायची तयारी आपण दाखवली तर फोटोची गरज राहणार नाही. हा प्रश्न कलावंतांच्या प्रामाणिकपणाचा आहे, तसा आपल्या उदारपणाचाही आहे.

त्या रात्रीचे एक सांगायचे राहिले. अडीच-तीनच्या सुमारास मंडप निम्मा रिकामा झाला होता. मुले पेंगत होती. फर्माईश करणारेही थकले होते. तेव्हा त्या मुलाने बापाच्या यादीत नसलेला एक कलाम सुरू केला. आवाज बापाइतका मोठा नव्हता, म्हणून त्याने तो खालच्या पट्टीत धरला. हात वर गेला नाही. पेटीवाल्याने एकदा चमकून त्याच्याकडे पाहिले आणि मग त्याच्या मागे जाऊ लागला. दोन ठिकाणी तो चुकला, एका ठिकाणी शब्द विसरला. तरीही साऱ्या रात्रीत मी पुढे सरकून बसलो तो तेवढ्याच वेळी. चाचाही गेले नव्हते. कलाम संपल्यावर त्यांनी खिशातून नोट काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘पुढे नेऊन दे. आणि विचार, त्याचे नाव काय.’’

मी जाऊन विचारले. ते नाव पुढच्या वर्षी कमिटीने फलकावर घालावे, बापाच्या नावाखाली, पण तेवढ्याच ठळक अक्षरांत, आणि सुपारी पूर्ण द्यावी.